फुली नसलेलं अंडं

त्या गावात समुद्राकडे तोंड करून पाव खायचा नाही, आणि पाठ करून तर अजिबात खायचा नाही. नव्या पाहुण्याला हे बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं जाई, पाहुणा हसे, आणि दहा मिनिटांत त्याच्या हातात नुसता पावाचा कागद उरे. पाव पळवणाऱ्या या पक्ष्याला पुस्तकात कुरव म्हणतात. गावात सगळे सीगल म्हणत, आणि रागाच्या भरात जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. सीगल मासे पळवत, बिस्किटं पळवत, गच्चीत वाळत घातलेले मोजेसुद्धा पळवत. एका लग्नात तर केकवर उभा केलेला साखरेचा नवराच उचलून नेला. नवरी म्हणाली, खरा जागेवर आहे ना, मग कापा केक.

अशा गावात सीगलच्या बंदोबस्ताचं काम ज्यांच्याकडे होतं त्या बाई चोपन्न वर्षांच्या होत्या, उंचीने बेताच्या, आणि त्यांच्या खांद्यावर त्यांच्या तिप्पट लांबीची अ‍ॅल्युमिनियमची शिडी असे. गल्लीच्या वळणावर आधी शिडीचं टोक दिसे आणि मग बऱ्याच वेळाने बाई दिसत. म्हणून त्या शिडीकाकू. त्यांचं खरं नाव नगरपालिकेच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राही.

काकू आधी मासळीबाजाराची फरशी धूत. त्या काळी नगरपालिकेची माणसं छपरावर चढून घरटी काठीने उधळून लावत आणि विजयी चेहऱ्याने खाली उतरत. पंधरा दिवसांत मादी त्याच जागी पुन्हा तीन अंडी घाली. हा खेळ काकूंनी तीन वर्षं खालून बघितला आणि चौथ्या वर्षी त्यांना राहवेना. त्यांच्या आईकडे कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडीखाली आई चुन्याचं एक खोटं अंडं ठेवी, आणि कोंबडी त्यावर मोठ्या समाधानाने बसून राही. काकूंनी झाडू भिंतीला टेकवला आणि साहेबांना गाठून सांगितलं, "साहेब, अंडी फोडू नका, बदला. खोटी ठेवा. आपला संसार नीट चाललाय असं तिला वाटलं पाहिजे. ती बसून राहील, हंगाम निघून जाईल. आणि भरवायला पिल्लू नसलं की चोऱ्या निम्म्या होतात."

साहेब हसले. पण त्यांचीही टोपी त्याच आठवड्यात गेली होती, त्यामुळे फार हसले नाहीत.

खोटी अंडी बनवायची कोणी, हा प्रश्न काकूंच्या घरातच सुटला, आणि खरं सांगायचं तर काकूंनी एवढी धडपड केली ती त्याचसाठी. त्यांचे यजमान पेंटर. गावातला एकेक बोर्ड त्यांच्या हातचा: न्हाव्याचा, वकिलाचा, शिवणक्लासचा, दातांच्या डॉक्टरांचा. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात त्यांची सही. दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड रंगवताना ते शिडीच्या चौथ्या पायरीवरून पडले. सांगताना त्या चौथ्या पायरीचा दुसरा मजला व्हायचा. हाड एकही मोडलं नाही, पण त्या दिवसापासून नुसती शिडी बघितली तरी त्यांना घाम फुटे. पुढे छापील बोर्ड आले आणि लोक म्हणाले, मशीनने बिचाऱ्या पेंटरला घरी बसवलं. पेंटरांनी ते लोकांना म्हणू दिलं. खरं काय ते काकूंना माहीत होतं.

दीड वर्ष पेंटर खिडकीशी बसून होते. ब्रश डब्यात वाळून खडखडीत झाले. जेवायला बोलावलं की येत, मीठ कमी असलं तरी बोलत नसत, आणि ज्या माणसाने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आमटीच्या रंगावर टीका केली होती त्याने गप्प जेवावं याची काकूंना भीती वाटायला लागली. मग एके दिवशी काकूंनी घरट्यातलं एक खरं अंडं रुमालात गुंडाळून आणलं, त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "असं बनवता येईल का? नसेल जमणार तर राहू दे."

पेंटरांनी अंडं हातात घेतलं. हिरवट मातकट रंग, त्यावर तपकिरी ठिपके, काही गडद, काही पाण्यात विरघळल्यासारखे. बराच वेळ फिरवून बघितलं. मग म्हणाले, "आमटीत मीठ कमी होतं काल."

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर पेंटरांचं राज्य सुरू झालं. साच्यात प्लास्टरचं पातळ कवच ओतायचं, आत सरसात कालवलेली वाळू भरायची, खऱ्या अंड्याच्या वजनाला वजन आलं की बूड बंद करायचं. मग रंगाचे पाच हात, मग ठिपके, वर वॉर्निश, आणि वाळायला तीन आठवडे. पेंटर डावखुरे होते. जीभ दातांत धरून एकेक ठिपका मारत आणि मध्येच खुशीत येऊन गुणगुणत. बाजूच्या ओट्यावर भाजी चिरता चिरता काकू ते ऐकत आणि मुद्दाम हळू चिरत.

वाद एकाच गोष्टीवरून होई. छपरावर खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक खोट्या अंड्याच्या बुडाला पेन्सिलीने एक फुली मारायची, असा काकूंचा नियम होता. पेंटरांच्या ती अगदी डोक्यात जाई.

"फुली चुकलेल्या गणितावर मारतात," ते म्हणत. "माझं काय चुकलंय?"

"अहो, तुमचं काही चुकलेलं नाही म्हणूनच मारायची. मला ओळखू येत नाही."

हे ऐकलं की पेंटर सुखावत आणि कुरकुरत फुली मारत. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी नगरपालिकेत नवे आरोग्य अधिकारी आले. हा माणूस सरळ बोलणारा, वाकडा नव्हे, पण कागदाबाहेर जगात काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या खिशात गिरणीच्या दारावर माणसं मोजायला असतं तसं एक बोटाने दाबायचं यंत्र असे. त्यांच्यापुढे जाळीवाली कंपनी आली होती. गावातल्या सगळ्या छपरांवर जाळी टाकू, अंडीबिंडी बंद. काकूंनी दुसऱ्या गावी अशी जाळी बघितली होती. तिच्यात पाय अडकून पक्षी आठ-आठ दिवस फडफडत.

अधिकाऱ्यांनी काकूंना बोलावलं. "मासळीबाजाराचं छप्पर. एकतीस घरटी. पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत तुमचं काम उरकायचं. त्यानंतर पाच आठवडे छपरावर कुणी पाय ठेवायचा नाही. मग मी स्वतः चढून पिल्लं मोजणार. पाचाच्या आत असली तर पुढच्या वर्षी सबंध गाव तुमचं. सहावं दिसलं तर जाळी."

"आणि काढलेली खरी अंडी?"

"अख्खी जमा करायची. कुठली जगणारी होती ते शहरातल्या प्रयोगशाळेत तपासतात. फोडायची नाहीत."

काकू घरी आल्या. पेंटर गुणगुणत ठिपके मारत होते. अंडी थांबली तर हा माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, आणि या वेळी त्याला उठवायला आपल्याकडे काही नाही, हे काकूंना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी अधिकाऱ्यांचं बोलणं दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. पेंटर म्हणाले, "असं? मग या वेळची अंडी अशी करतो की सीगलची आईसुद्धा फसेल." आणि खरंच ते झपाटल्यासारखे कामाला लागले.

पंधरा तारखेला दुपारी तीनपर्यंत पंचवीस घरटी झाली होती. छपराचे दोन उतार जिथे मिळतात तिथल्या पन्हळीत काकूंनी पोतं अंथरलं होतं आणि त्यावरून त्या गुडघ्यांवर सरकत होत्या. डाव्या पिशवीत उरलेली अठरा खोटी, उजव्या पिशवीत दुपारपासून काढलेली एकवीस खरी. दोन्ही पिशव्यांचे पट्टे मानेमागे एकमेकांत गाठ मारलेले. डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटच्या मागे पेंटरांनी रंगवलेले दोन डोळे, कारण सीगल मागून झडप घालतो आणि डोळे बघत असले तर घालत नाही. ते डोळे हुबेहूब सासूबाईंचे आले होते. मुद्दाम केलं नाही, असं पेंटर शपथेवर सांगत. सीगल त्या डोळ्यांना वचकून असत, आणि खरं तर काकूही हेल्मेट जरा बिचकतच उचलत.

राहिली होती फक्त सहा घरटी. काकूंच्या अंगात उत्साह नुसता उसळत होता. आणि त्या भरात त्यांनी ती चूक केली, जी करू नका म्हणून त्यांनी अख्ख्या गावाला सात वर्षं बजावलं होतं. सकाळी घाईत खाल्ला नव्हता तो पाव उजव्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला. समुद्राकडे तोंड करून.

सीगल समोरून आला. सासूबाई मागे बघत होत्या, त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याने पाव धरला, पावाबरोबर पट्टा धरला, काकूंनी पट्टा ओढला, त्याने जास्त ओढला, गाठ मानेवरून सरकून पुढे आली आणि दोन्ही पिशव्या पोत्यावर पालथ्या झाल्या. एकोणचाळीस अंडी गडगडत पन्हळीतल्या शेवाळात गेली आणि एकमेकांना खेटून स्वस्थ पडली. एकही फुटलं नाही, आणि तीच पंचाईत होती.

"हात्तिच्या," काकू स्वतःशीच म्हणाल्या. फुल्या कशासाठी आहेत मग. त्यांनी एक अंडं उचलून उलटं केलं. फुली नव्हती. म्हणजे खरं. दुसरं उचललं, तेही खरं. दहावं झालं, पंधरावं झालं, बावीस उलटी केल्यावर काकूंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण खरी तर एकवीसच होती. त्यांनी सगळीच्या सगळी उलटी करून बघितली. एकावरही फुली नव्हती.

त्यांनी फोन लावला. डोक्यावर पंधरा-वीस सीगल कर्कश ओरडत घिरट्या घालत होते.

"अहो, ऐकताय ना? यंदा फुल्या कुठे मारल्यात?"

पलीकडे ब्रश डब्यात ठेवल्याचा आवाज आला.

"अहो."

"नाही मारल्या," पेंटर म्हणाले. "अगं, इतकी सुंदर झाली होती. म्हटलं, पिशव्या तर वेगळ्याच असतात तुझ्या. एक वर्ष नाही मारली फुली तर काय होतंय."

काय झालंय ते काकूंनी सांगितलं. कसं ओळखू, हे विचारलं. ठोकून बघितलं तर प्लास्टर फुटेल आणि खरंही फुटेल. ओरखडा काढला तर वॉर्निश जाईल, दव आत शिरेल, अंडं फुगेल आणि मादी ते ढकलून देईल. वजन सारखं. उन्हाने तापून ऊबही सारखी. उन्हासमोर धरली तर जी ती गडद. डोळे मिटून अठरा उचलून ठेवली तर त्यात निम्मी तरी खरी निघणार, आणि पाचाच्या वर पिल्लं झाली की संपलं. नवीन बनवायला तीन आठवडे, आणि हातात होता पावणेदोन तासांचा वेळ.

"मला ओळखता येतील," पेंटर म्हणाले.

"फोनवर कशी ओळखाल?"

काकूंना खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला.

"शिडी नीट धरायला सांग कुणाला तरी," पेंटर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मासळीबाजारात शिडी धरायला कोण, तर लिलाववाला. हा माणूस सकाळच्या लिलावात सात वाजता जो बोलायला लागे तो दिवसभर त्याच सुरात बोले. घरीही म्हणे चहा मागताना चहा एक वार, चहा दोन वार, असंच म्हणत असे. पेंटर धापा टाकत आले, शिडीपुढे उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं. पंधरा पायऱ्या. वरून काकू वाकून बघत होत्या. पेंटरांच्या कपाळावरचा घाम त्यांना तिथून दिसत होता.

"राहू द्या हो," काकू वरून म्हणाल्या. "मी तीन-तीन करून खाली आणते, तुम्ही खालीच निवडा."

"शिडीवर हेलकाव्यात फुटली तर? वेळ कुठाय?" पेंटर म्हणाले. पाय मात्र जमिनीला खिळलेले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या सोडून भोवती जमल्या. पेंटरांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि परत खाली घेतला.

लिलाववाल्याला शांतता सोसत नसे. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने सुरू केलं, "पायरी एक, पायरी एक, बोला, पायरी एकवर कोण येतंय?"

बायका हसल्या. पेंटरही घाबऱ्या घाबऱ्या हसले, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एक."

"एक आली. एकावर दोन, दोन कोण म्हणतंय, दोन बोला."

"दोन," पेंटर म्हणाले आणि चढले.

"दोनावर तीन. माल ताजा आहे, तीन बोला."

"तीन."

चौथ्या पायरीवर ते थांबले. चौथी पायरी म्हणजे तीच. त्यांची बोटं शिडीला अशी घट्ट बसली की पांढरी पडली. आता हा माणूस वरही येणार नाही आणि खालीही जाणार नाही, असं काकूंना वाटलं, आणि त्यांनी शिडीचं वरचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बायकांचं हसणं बंद झालं.

लिलाववाल्याने आवाज खाली आणला. "चार. चार एक वार." त्याने शिडी छातीशी घट्ट धरली. "चार दोन वार. पेंटर, तिसऱ्यांदा म्हटलं की व्यवहार संपला, मग मला काही करता येणार नाही. चार..."

"पाच," पेंटर ओरडले.

त्यानंतर सगळा बाजार बोलायला लागला. सहा एका बाईने पुकारली, सात दुसरीने, आठ-नऊ सगळ्यांनी मिळून, आणि पेंटर प्रत्येक आकड्याला मान हलवून चढत राहिले. पंधरा म्हटल्यावर काकूंनी त्यांची मनगटं धरून त्यांना वर ओढलं. दोघं पन्हळीत बसकण मारून एकमेकांकडे बघत राहिली. काकूंना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीला वेळ नव्हता. त्यांनी आपलं हेल्मेट पेंटरांच्या डोक्यावर बसवलं आणि स्वतःच्या डोक्यावर पन्हळीतला गाळ काढायची रिकामी बादली उपडी घातली.

"दाखव," पेंटर म्हणाले.

त्यांनी पहिलं अंडं उचललं, तिरपं धरलं, नाकाजवळ आणलं. "हे माझं." दुसरं. "हे नाही." तिसरं. "माझं. बघ, ठिपक्याला डावीकडे शेपूट आहे. मी डावखुरा, ब्रश उचलताना तिकडे ओढला जातो. सीगल काय, गोल टाकून मोकळी होते." काकू बघत होत्या. त्यांना शेपूट दिसत नव्हतं, पण पेंटरांचा हात दिसत होता. तो अजिबात थरथरत नव्हता. बादलीवर वरून सीगल टणटण चोच मारत होते आणि सासूबाई पाठीमागच्या पक्ष्यांना दटावत होत्या.

साडेचारपर्यंत सतरा निघाली. मग पेंटर अडले. उरलेली बावीस त्यांनी दोनदा फिरवून बघितली. कुणालाच शेपूट नव्हतं. खाली नगरपालिकेची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

"अहो, पाचला वीस कमी."

पेंटरांनी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा बघायला घेतलं. एका अंड्याशी त्यांचा हात थबकला. त्यावरचे ठिपके फार देखणे होते. एका बाजूला दाट, मग विरळ होत होत टोकापर्यंत गेलेले, जणू कुणी एका दमात शिंपडलेत.

"हे," ते म्हणाले.

"शेपूट आहे?"

"शेपूट नाही. त्या दिवशी माझा हात फार छान लागला होता, बहुतेक म्हणून नसेल. पण हे माझंच. असं काम विसरेन का मी?"

काकूंना शंका आली. पण हा माणूस त्यांच्यासाठी पंधरा पायऱ्या चढला होता, आणि त्याला या क्षणी खोटं पाडणं त्यांच्याच्याने होईना. शिवाय एक पिल्लू झालं तरी पाचाच्या आत होतं. सहा घरट्यांत त्या वाऱ्यासारख्या फिरल्या. ते देखणं अंडं शेवटच्या, धुराड्याजवळच्या घरट्यात ठेवलं. पाचला दोन मिनिटं असताना दोघं खाली उतरली. पेंटर उतरताना एकटेच पायऱ्या मोजत होते, मोठ्याने, पंधरापासून उलट. काढलेली सगळी अंडी अधिकाऱ्यांच्या गाडीत गेली.

पाच आठवडे पेंटर रोज बाजारात जाऊन छपराकडे मान वर करून उभे राहत, दिसत काहीच नसे, आणि येऊन "सगळं ठीक आहे" असं सांगत. काकू मान डोलवत.

मोजणीच्या सकाळी अधिकारी आपलं यंत्र घेऊन चढले, मागून काकू, आणि काकूंच्या मागून, कुणी बोलावलं नसताना, पेंटर. घरट्याघरट्यावर माद्या अजूनही नेटाने बसून होत्या. काकू काठीने हळूच एकेकीला उठवत, अधिकारी वाकत, तीन अंडी बघत आणि पुढे जात. यंत्राचा आवाज एकदाही झाला नाही. अशी तीस घरटी झाली.

धुराड्याजवळची मादी उठली. खाली दोन अंडी होती, आणि त्यांच्यामध्ये करड्या लोकरीचा एक गोळा, डोक्यावर ठिपके असलेला, चोच उघडून बघत होता.

यंत्र टक्‌ वाजलं. "एक," अधिकारी म्हणाले.

काकूंनी पिल्लाकडे बघितलंच नाही. त्यांनी पेंटरांकडे बघितलं. एकतीस घरट्यांत एक पिल्लू, जाळी गेली, सबंध गाव आपलं झालं, हे सगळं त्यांना कळत होतं, पण पेंटरांचा चेहरा हळूहळू उतरत होता. ज्याच्याबद्दल त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, तेच नेमकं त्यांचं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून जे ते पाच आठवडे मनात मिरवत होते ते एका सीगलचं होतं. पेंटर खाली बसले आणि म्हणाले, "मग माझं कुठे गेलं?"

अधिकाऱ्यांनी खिशातून एक कागद काढला. "नियमाप्रमाणे आधी मोजणी, मग पत्र, म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "प्रयोगशाळेचं आहे. तुमच्या जमा केलेल्या अंड्यांपैकी एकाबद्दल त्यांनी खुलासा मागितलाय." आणि त्यांनी आपल्या कोरड्या आवाजात वाचलं: अंडं दिव्यासमोर धरलं असता आत पूर्ण गडद. वाढ पूर्ण झालेली. निरोगी. आठवड्याभरात पिल्लू बाहेर येईल असा शेरा मारून ऊबपेटीत ठेवलं. तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी कवच उघडलं असता आत वाळू आढळली.

काकूंना बादलीशिवाय लपायला जागा नव्हती आणि बादली खाली राहिली होती. त्या तोंडावर पदर धरून हसल्या, इतक्या हसल्या की मादी दचकून उडाली. अधिकारी हसले नाहीत, पण कागदाची घडी घालताना ती त्यांनी दोनदा चुकवली.

"तज्ज्ञांनी," पेंटर हळूच म्हणाले. "निरोगी म्हटलंय?"

"लेखी आहे," अधिकारी म्हणाले. "आणि ते परत पाठवलंय. उघडलेलं बूड चिकटवून दिलंय त्यांनी."

दुपारी पेंटरांनी अंडं रुमालातून सोडवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. बाजूला नव्या साच्यांची चळत होती. पुढच्या हंगामाला सबंध गावाची अंडी लागणार होती. काकू ओट्याशी भाजी चिरत होत्या. पेंटर बराच वेळ अंडं फिरवून बघत राहिले. शेपूट कुठल्याच ठिपक्याला नव्हतं. त्या दिवशी हात फार छान लागला होता, ते त्यांचं खरंच होतं.

मग त्यांनी पेन्सिल बाजूला सारली, सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, जीभ दातांत धरली आणि न सांगता, न कुरकुरता, त्या अंड्यावर फुली मारली. काकूंनी मान वळवून बघितलं. फुली बुडाला नव्हती. ती खाली, उजव्या कोपऱ्यात होती, मुंगीएवढी, बोर्डावर त्यांची सही जिथे असायची तिथे.